‘लागणे’ आणि ‘घडवणे’ : उपजीविकेतील कर्तेपणाचा प्रश्न

‘माणूस आपले करिअर स्वतः घडवतो’ हे विधान गेल्या तीन दशकांत इतके रुळले आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, महाविद्यालयांच्या मार्गदर्शन-कक्षांत, सत्कारसमारंभांच्या भाषणांत ते एखाद्या सिद्ध वस्तुस्थितीसारखे वावरत असते. वस्तुतः ते नैतिक विधान आहे आणि त्यात एक निवाडा दडलेला आहे. घडवणारा जर तो, तर न घडल्याचा दोषही त्याचाच. या निवाड्याची छाननी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. तिचा आरंभ भाषेपासून करतो. पुढील विवेचनासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके घेतले आहेत. दीडशेहून अधिक वर्षांतील आर्थिक बदलांचे थर येथे एकावर एक साचलेले आहेत आणि ते उघड्या डोळ्यांना दिसतात.

मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या करिअर घडवीत नव्हता. त्याला नोकरी लागत असे. ‘मला नोकरी लागली’ या वाक्यात नोकरी हा कर्ता आहे आणि ‘मला’ हे चतुर्थ्यन्त पद. ‘मला भूक लागली’, ‘मला ठेच लागली’, ‘मला लॉटरी लागली’ ही वाक्ये त्याच घाटाची. नोकरी बाहेरून येते आणि माणसाला लागते. माणूस स्वतः कर्ता होतो तेव्हाही क्रियापद अकर्मकच राहते : तो रेल्वेत लागला, कंपनीत चिकटला, धंद्यात पडला. पडण्यात आणि चिकटण्यात इच्छेचा भाग किती असतो ते वेगळे सांगावयास नको. याउलट ‘त्याने करिअर घडवले’ हे वाक्य पाहावे. ‘घडवणे’ हे ‘घडणे’चे प्रयोजक रूप. जे आपोआप घडत होते ते घडवून आणण्याचा भार आता तृतीयान्त कर्त्यावर येऊन पडला आहे. एका ‘व’काराने केवढी नैतिक उलथापालथ केली आहे!

व्याकरणावरून जीवनदृष्टीचे अनुमान करणे धोक्याचे असते, याची जाणीव आहे. ‘मला नोकरी लागली’ म्हणणारा मनुष्य त्या नोकरीसाठी चार वर्षे अर्ज करीत, ओळखी काढीत, परीक्षा देत हिंडलेला असू शकतो. त्याचे कष्ट व्याकरणाने पुसले जात नाहीत. पण श्रेय आणि दोष यांची वाटणी कशी करावी याचा एक संकेत त्या वाक्यरचनेत असतो. नोकरी ‘लागली नाही’ असे म्हणणाऱ्या तरुणाला गावात कुणी अपराधी ठरवीत नसे. दुर्दैवी फार तर म्हणत. करिअर ‘घडवता आले नाही’ असे म्हणणाऱ्याला ही सवलत नाही.

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ गाडीवाट असा होता, याची आठवण रिचर्ड सेनेट या समाजशास्त्रज्ञाने ‘द करोझन ऑफ कॅरॅक्टर’ (१९९८) या पुस्तकात करून दिली आहे. वाट आधीची असते. गाडी त्या वाटेने जाते. एकाच वाटेने दीर्घकाळ चालण्यातून माणसाला चारित्र्य, म्हणजे स्वतःविषयीची एक सलग समजूत, प्राप्त होते आणि नव्या भांडवलशाहीने नेमकी ती वाटच मोडली, हे सेनेटचे दुखणे. आपल्याकडील गंमत अशी की इंग्रजी शिकलेल्यांच्या बोलण्यातून हा शब्द सर्वसामान्यांच्या तोंडी रुळला तो प्रामुख्याने १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर. म्हणजे वाट उखडली जात असतानाच आपण वाटेचे नाव उसने घेतले.

कर्जत-खालापुरात तर ही वाट रूपकापुरती नाही. मुंबईहून आलेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडे गेला. घाट चढताना गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. ती कर्जतला जोडली जातात. त्यासाठी गाडी काही मिनिटे थांबते आणि त्या काही मिनिटांवर कर्जतच्या फलाटावरील बटाटेवड्याचा सारा व्यवहार उभा राहिला. वडा तळणारा, पाव पुरवणारा, पाटी घेऊन खिडकीखिडकीशी धावणारा, या सर्वांची उपजीविका एका अभियांत्रिकी अडचणीतून जन्मली. ती अडचण सुटली तर काय, हा प्रश्न कालपरवापर्यंत कुणी विचारला नसता. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी मात्र जादा इंजिन न लावताच घाट चढते. फलाटावरील विक्रेत्याने आपल्या कौशल्यात कोणतीही कसूर केलेली नसताना त्याच्या पायाखालील भूमी अशी सरकू शकते. त्यावर त्याला ‘नवी कौशल्ये आत्मसात करा’ असा उपदेश करणारा मनुष्य बहुधा त्या गाडीच्या आत बसलेला असतो.

पाण्याची कथा याहून विलक्षण. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी घाटावरून खाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीस वीज निर्माण केली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. वीज देऊन झालेले पाणी मात्र येथेच उरले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत उतरून ती बारमाही झाली. भिवपुरीच्या पाण्यावर कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भात होऊ लागला. पुढे पाताळगंगेच्या या बारमाही पाण्याच्या आधाराने कारखाने आले : रसायनीची हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० ची, रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ चा. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, हा योगायोगच म्हणावा. पण सुती कापडाच्या गिरण्यांतून माणसे बाहेर पडत होती त्याच वर्षी कृत्रिम धागा पाताळगंगेच्या काठी निघू लागला. दुसऱ्याने, दुसऱ्याच हेतूने केलेल्या कृतीचे हे उरलेले पाणी. येथील कुणाही माणसाच्या ‘करिअर’चा पहिला अध्याय अशा पाण्याने लिहिलेला आहे.

यावरून परिस्थितीच सर्व काही घडविते आणि माणूस तिच्यावर तरंगणारी काडी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आपल्या मार्क्सवादी समीक्षेच्या एका धारेने तो काढलाही. मला तो मान्य नाही. पण तो नाकारण्यापूर्वी कातकऱ्यांकडे पाहिले पाहिजे, कारण तो निष्कर्ष सर्वाधिक खरा वाटावा असे स्थळ तेच.

खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. इंग्रजी अमदानीत जंगले राखीव झाली आणि कात काढण्याचा व्यवसाय बुडाला. नाव मात्र उरले. जो व्यवसाय करण्याचा अधिकार आता नाही त्याच व्यवसायाने ओळखली जाणारी ही जमात पुढे कोळसा पाडू लागली, नंतर वीटभट्ट्यांवर गेली. भट्टीच्या कामाचा पाया ‘उचल’ हा आहे. पावसाळ्यात हाताला काम नसताना मालकाकडून आगाऊ पैसे उचलायचे आणि दिवाळीनंतर सहकुटुंब भट्टीवर जाऊन उन्हाळा संपेपर्यंत ते फेडायचे. करिअर या कल्पनेत भविष्य ही भांडवलासारखी वस्तू असते. आज झीज सोसावी, उद्या परतावा मिळतो. उचलीत उद्या आधीच विकला गेलेला असतो, आणि तो श्रावणात खाऊनही संपलेला असतो. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपविली. उचल संपली नाही, कारण कागदोपत्री ती स्वखुशीने घेतलेली असते.

‘स्वखुशी’ या शब्दाशी आपल्याला थांबावे लागेल. खालापूर तालुक्यातच त्याचा अधिक सुशिक्षित भाऊबंद आढळतो, तो म्हणजे ‘स्वेच्छानिवृत्ती’. रसायनीच्या सरकारी कारखान्यात लागणे म्हणजे जन्माचे सार्थक, अशी या पंचक्रोशीतील दोन पिढ्यांची धारणा होती. वसाहत, शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतनाची हमी. ‘चिकटला’ हे क्रियापद याच नोकऱ्यांसाठी योजले गेले असावे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील जवळजवळ सर्व संयंत्रे बंद करण्याचा निर्णय घेतला आणि कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. कारखाना बंद होणार हे ठरल्यानंतर निवृत्त होण्याची जी इच्छा, तिला कोणत्या अर्थाने ‘स्व’-इच्छा म्हणावे? वाक्यात कर्ता तर माणूसच आहे : ‘त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली’. येथे व्याकरणाने माणसाला कर्तेपण बहाल केले आहे, ते अशा क्षणी की जेव्हा त्याच्या हाती करण्यासारखे काही उरलेले नाही. मघाच्या चतुर्थीत निदान प्रामाणिकपणा होता.

म्हणून कर्तेपणाची कसोटी कर्त्याच्या विभक्तीत किंवा सहीच्या कागदात शोधण्यात अर्थ नाही. मी ती अशी मांडू इच्छितो : जो ‘नाही’ म्हणू शकतो आणि ‘नाही’ म्हटल्यावरही ज्याचे पोट चालते, तो आपल्या उपजीविकेचा कर्ता. भट्टीवर जाण्यास नकार देता येत नाही तोवर तिचा होकार हा होकार नव्हे. ही कसोटी कठोर आहे. तिने आपल्यापैकी अनेकजण अनुत्तीर्ण ठरतील. पण तिचा एक लाभ असा की नकाराचे सामर्थ्य हा व्यक्तीचा जन्मजात गुण नसतो. ते कोणीतरी, कधीतरी, बहुधा अनेकांनी मिळून कमावलेले असते. येथे आपण निवेदनाच्या प्रश्नापाशी येतो, कारण हे ‘अनेकजण’ चरित्रातून कसे नाहीसे होतात हा समीक्षेचा विषय आहे.

अ‍ॅलॅस्डेअर मॅकिन्टायर यांनी ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये (१९८१) मानवी जीवनाची एकात्मता ही कथनाची एकात्मता असते असे प्रतिपादन केले, पिएर बूर्द्यू यांनी १९८६ मधील एका निबंधात जीवनाला सुसंगत कथा मानणे हा चरित्राचा भ्रम ठरविला. भुयारी रेल्वेच्या मार्गांचे जाळे लक्षात न घेता त्यावरील एका प्रवासाचा अर्थ लावण्यासारखे ते आहे, अशा आशयाचा दाखला ते देतात. या दोघांपैकी एकाची बाजू घेण्याचा मोह समीक्षकांना होतो. मला वाटते, मराठी आत्मकथनांनी या वादाला तिसरे उत्तर दिले आहे आणि ते आपण नीट वाचलेले नाही.

नारायण सुर्वे यांचे उदाहरण घेऊ. उत्तरायुष्यात ते कर्जत तालुक्यातील नेरळ येथे राहत होते. जन्मतः टाकून दिलेले मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून वाढविलेले. मग गिरणीत कामगार, महापालिकेच्या शाळेत शिपाई, तशाच शाळेत शिक्षक. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९९८ मध्ये पद्मश्री. मार्गदर्शन-कक्षातील वक्त्याला याहून अधिक काय हवे? शिपाई ते शिक्षक हा जिना त्याने आयताच वापरावा. परंतु सुर्व्यांनी १९६६ मध्ये आपल्या संग्रहाला जे नाव दिले ते ‘माझे विद्यापीठ’. विद्यापीठाचा उल्लेख करणारा स्वतःला स्वयंभू म्हणवून घेत नाही. आपण कुणाकडून तरी शिकलो असे तो सांगतो. ‘माझे’ या शब्दात मालकी नाही, ऋण आहे. त्यांचे आडनावसुद्धा एका कामगाराने दिलेले. या कवीच्या जीवनाला ‘स्वतःला घडविणाऱ्याची कथा’ म्हणणे हा मला तरी वाचनातला अपराध वाटतो.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (१९७८) तर निवेदनाच्या रचनेतच हा प्रश्न घातला. शीर्षक जन्माने ठरलेल्या कामाच्या मोबदल्याचे. आणि निवेदन दोन व्यक्तींमध्ये विभागलेले, दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच. ज्याचे घडले तो, आणि ज्याला लागले तो, समोरासमोर बसले आहेत. शहरी पांढरपेशा पवाराला दगडूपासून सुटका नाही आणि दगडूला पवारावाचून वाचा नाही. चतुर्थी आणि तृतीया एकाच देहात नांदतात, हे सत्य त्या एका क्लृप्तीने जितके प्रकट झाले तितके आपल्या सिद्धान्तचर्चेत झालेले नाही.

एक अपवादात्मक आयुष्य येथे आठवते. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल, जन्म १९१२, माथेरानच्या नाभिक कुटुंबातले. जातीने नेमून दिलेला व्यवसाय ओलांडून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. येथवर करिअर. नंतर त्यांनी परिसरातील आदिवासी-शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या, १९४२ मध्ये ते भूमिगत झाले, त्यांच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते मारले गेले. या उत्तरार्धाला करिअरच्या परिभाषेत शब्दच नाही. ‘वाया घालविले’ असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणण्याचे धैर्य कुणाला होणार नाही. ज्या परिभाषेला आपल्या तालुक्यातील सर्वांत अर्थपूर्ण आयुष्याची नोंद घेता येत नाही, तिच्या व्याप्तीविषयी शंका घेणे रास्त आहे.

त्याच माथेरानात अलीकडे जे घडले ते या लेखाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचे. तेथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. पुढे घोडा, हातरिक्षा किंवा पायपीट. हातरिक्षा एकजण पुढून ओढणार, एखाद-दोघे मागून रेटणार, चढावर लाल धुळीतून. हे काम करणाऱ्यांनी ‘दुसरे करिअर’ मागितले नाही. त्यांच्या संघटनेने ई-रिक्षा मागितली. काम तेच, रस्ता तोच, प्रवासी तेच. फक्त माणसाने माणसाला ओढू नये. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न पुढे आला, घोडेवाल्यांनी विरोध केला (त्यांचीही भाकरी त्याच रस्त्यावर होती, त्यांना खलनायक ठरविण्याचे कारण नाही), प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये काही ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत आहे, गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा या ओढणाऱ्यांनाच भाड्याने उपलब्ध करून द्याव्यात आणि निधी नाही ही सबब चालणार नाही, असा आदेश दिला.

या घटनेत कर्तेपण कोठे आहे? मार्गदर्शन-कक्षाच्या भाषेत कोठेच नाही. कुणी स्वतःला ‘अद्ययावत’ केले नाही, कुणी डोंगर उतरून नवे क्षेत्र निवडले नाही. मघाच्या कसोटीने मात्र ते स्पष्ट दिसते. त्यांनी एकट्याने ‘नाही’ म्हटले असते तर रिक्षा दुसऱ्याने ओढली असती. सर्वांनी मिळून म्हटले, वर्षानुवर्षे म्हटले, तेव्हा त्या नकाराला वजन आले. आणि तो नकार कामाला नव्हता, कामातील अवमानाला होता. गीतेतील स्वधर्माच्या कल्पनेचा आधार घेऊन ज्याने त्याने आपले नेमून दिलेले काम निमूटपणे करावे असे सांगणाऱ्यांना, आणि नेमून दिलेले काम टाकून धावत सुटावे असे सांगणाऱ्या नव्या उपदेशकांनाही, हे उत्तर अडचणीचे आहे. मालकी भाड्याने का, स्वतःची का नाही, असा प्रश्न त्यावर विचारता येईल, आणि तो विचारला पाहिजे.

जमिनीविषयी थोडक्यात. शेतघर हा शब्द या तालुक्यांत ज्या वेगाने पसरला त्या वेगाने कोणतेही पीक पसरले नाही. जमीन विकणाऱ्याने ती स्वेच्छेने विकली आणि त्याच कुंपणाच्या फाटकावर तो किंवा त्याचा मुलगा राखणदार म्हणून ‘लागला’, हे चित्र आता कुणाला चकित करीत नाही. दोन क्रियापदांमधील अंतर तेवढे पाहावे : विकले त्याने, लागला तो.

आता आपल्या घराकडे. मराठीत एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. मिळवून तासिका तत्त्वावर शिकवीत राहणे, ही स्थिती महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आता अपवाद राहिलेली नाही. जूनमध्ये नेमणूक, परीक्षा संपताच विराम, पुन्हा जूनची वाट. विद्वानांच्या या हंगामाची तुलना वीटभट्टीशी करणे अतिशयोक्तीचे आणि भट्टीवरच्या माणसाचा उपमर्द करणारे होईल. तरी दोहोंचा हंगाम पावसाच्या पंचांगाने ठरावा हे सूचक आहे. असा सहकारी वर्गात उभा राहून विद्यार्थ्यांना आत्मविश्वासाचे धडे देतो, तेव्हा तो खोटे बोलतो असे मी म्हणणार नाही. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, एवढेच.

आत्मकथनांवरील प्रश्नपत्रिकेत आम्ही वर्षानुवर्षे ‘निवेदकाची जडणघडण स्पष्ट करा’ असा प्रश्न घालीत आलो आहोत. ‘जडणघडण’ हा शब्द मोठा समंजस आहे; जे येऊन जडले आणि जे घडत गेले, दोन्ही त्यात जोडून घेतले आहे आणि कर्ता मोकळा ठेवला आहे. अलीकडच्या उत्तरपत्रिकांत या प्रश्नाखाली जिद्द, चिकाटी, आत्मविश्वास, ध्येय ही चार पदे क्रमाने येतात. आई येत नाही, वसतिगृह येत नाही, फी माफ करणारा मास्तर येत नाही. एका उत्तरपत्रिकेत मात्र ‘बलुतं’वर लिहिताना विद्यार्थिनीने निवेदकाचे गुण सोडून त्याला कुणी काय दिले आणि कुणी काय नाकारले, याचीच सविस्तर यादी दिली होती, वाक्यरचना विस्कळित, शुद्धलेखन यथातथा. सहपरीक्षकांच्या मते तिने प्रश्न सोडून भलतेच लिहिले होते; माझ्या मते प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांपेक्षा तिला तो शब्द अधिक कळला होता. गुणांतील फरक बारा होता. नियमाप्रमाणे ती उत्तरपत्रिका तिसऱ्या परीक्षकाकडे गेली.